प्रॅक्सिसमधली फ्राऊ जगताप

जर्मनीतल्या त्या गावात जगताप आडनावाच्या बायका दोनच. थोरली लतिका आणि तिची धाकटी जाऊ संपदा. पण नुसतं फ्राऊ जगताप, म्हणजे जगतापबाई, म्हटलं की ती संपदाच. लतिका पाव घ्यायला बेकरीत गेली की तिथली बाई हसून विचारायची, "डॉक्टरांकडच्या ना तुम्ही?" लतिकानं नाही म्हटलं की ते हसू तिथंच मिटायचं. पाव मिळायचा, पण घरी येईस्तोवर लतिकाच्या तोंडाची चव गेलेली असायची.

गाव तसं लहान. बाड हॉम्बुर्गपासून बसनं अर्धा तास वर, डोंगरात. एक चर्च, एक बेकरी आणि डॉक्टर होल्त्सरांचा दवाखाना. प्रॅक्सिस म्हणतात तिकडं दवाखान्याला. संपदा सांगलीला नर्स होती, पण त्या शिक्षणाला इथं कोण विचारतो. लग्न करून श्रीनाथबरोबर आली आणि पोरीसोरींच्या बाकावर बसून तीन वर्षं सगळं पुन्हा शिकली. मग डॉक्टरांच्या हाताखाली लागली. सकाळी रक्त काढायचं, जखमा बांधायच्या, दुपारी आपली छोटी लाल गाडी काढून म्हाताऱ्यांच्या घरी जायचं. कुणाचं प्रेशर बघ, कुणाला इन्सुलिन दे. दारातच बूट काढायची ती, आपली सवयच ना. तर म्हाताऱ्यांनी दारामागं तिच्यापुरत्या सपाता आणून ठेवलेल्या. हात इतका हलका की सुई आत गेली तरी माणूस बोलतच राहायचा.

हे सगळं लतिकाला दिसत होतं. दिसत होतं म्हणून तर जळायची. मान थोरलीचा, पण शिक्षण सातवी. नवरा चंद्रशेखर हॉटेलात आचारी, ही शाळेत फरशा पुसायला. घरी सरकारी पत्र आलं की ते धाकटीकडं न्यायचं. ती वाचणार, बोट ठेवणार आणि म्हणणार, "ताई, इथं सही करा." लतिका मुकाट करायची.

तेही चाललं असतं एक वेळ. पण वल्लरी, लतिकाची एकुलती एक, शाळा सुटली की आधी काकीकडं जायची. आईनं मराठीत काही विचारलं की जर्मनमध्ये एका शब्दाचं उत्तर. काकीबरोबर मात्र मराठीत खिदळणं. संपदाला मूलबाळ नव्हतं. लतिकाला वाटायचं, ही माझीच घेऊन बसणार.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात लतिकाच्या अंगावरून जायला लागलं. महिन्यात पंधरा पंधरा दिवस. आता हे संपदाला सांगायचं? जीव गेला तरी नाही. वल्लरीला घेतलं आणि बसनं शेजारच्या गावच्या डॉक्टरकडं गेली. तिथं जर्मन बोलणार कोण, तर पोरगी. पंधरा वर्षांच्या पोरीच्या तोंडून परक्या पुरुषाला असलं सांगायचं कसं?

"पोट दुखतं म्हण. चक्कर येते म्हण."

पोरीनं तेवढंच सांगितलं. डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या. बाहेर आल्यावर लतिकानं तिला धरून उभं केलं.

"माझी शपथ आहे तुला. काकीला यातलं अक्षर कळता कामा नये."

पोर तिकडं वाढलेली, पण शपथ तिला खरी वाटायची. मोडली तर आई मरणार. इकडं आई जिना चढताना मधेच बसायला लागली. ओठ पांढरे पडले. मग वल्लरी तीन दिवस शाळेतून थेट प्रॅक्सिसमध्ये जाऊन पेशंटच्या खुर्चीत बसली. बोलेना काही. चौथ्या दिवशी विचारलं, "काकी, शपथ मोडली तर खरंच माणूस मरतं?"

संपदानं तिला पुढं काही विचारलं नाही. तिला घेऊन सरळ लतिकाच्या दारात आली.

"ताई, आधी पोरीची शपथ सोडा."

"सांगितलं का तिनं?"

"एक शब्द नाही. म्हणून तर आले. सुटली म्हणा तिच्यासमोर."

लतिकाला चक्कर येत होती, पण त्याहून जास्त हे लागलं की पोर घाबरली आणि गेली कुणाकडं, तर हिच्याकडं. कशीबशी म्हणाली, "सुटली."

संपदानं वल्लरीला दूध आणायला पिटाळलं. लतिकाच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्यानं खाली ओढून बघितली.

"पाळी कधीपासून अशी जाते?"

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही करायचं. बूट घाला."

प्रॅक्सिसमध्ये संपदानंच रक्त काढलं. सुई कधी गेली कळलंसुद्धा नाही, आणि लतिकाला त्याचाही राग आला. रिपोर्ट बघून संपदा म्हणाली, "माझ्यावर रुसून एवढं रक्त घालवलंत होय?" गर्भाशयात गाठी निघाल्या. ऑपरेशन झालं, दोन बाटल्या रक्त चढलं. जे नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं ते लतिकाच्या वतीनं संपदा मोठ्या डॉक्टरांना घडाघडा जर्मनमध्ये सांगत होती. जीव वाचला. उपकार झाले. आणि उपकारानं जळजळ कमी होते असं कुणी म्हणत असेल तर त्यानं लतिकाला विचारावं.

पुढल्या वर्षी वल्लरीची दहावी झाली. होल्त्सरांनी तिला शिकाऊ म्हणून घ्यायचं कबूल केलं. वल्लरी नाचत करार घेऊन आली. आईबापाच्या सह्या हव्या होत्या. बापानं केली. लतिकानं कागद कपाटात टाकला. आठवडा गेला. वल्लरी शाळेत असताना संपदा विचारायला आली, तर लतिकाचा तोल सुटला.

"माझ्या पोटातलं सगळं तू बघितलंस. आता पोटची पण नेतेस?"

संपदा दारापर्यंत गेली, परत फिरली. मग म्हणाली, "सही नका करू. पण तिला नाही असं तुम्ही सांगू नका, ती तुमच्यावर चिडेल. मी सांगते तिला."

आणि तिनं सांगितलं. वल्लरीला म्हणाली, "मीच डॉक्टरांना म्हटलं, दवाखान्यात घरचं माणूस नको."

त्या दिवसापासून पोरीनं काकीकडं जाणं टाकलं. बाड हॉम्बुर्गला चष्म्याच्या दुकानात शिकायला लागली. घरी आली की स्वयंपाकघरात आईजवळ बसायची, मराठीत बोलायची. बोलायची काय, तर काकी कशी ढोंगी, काकी कशी मतलबी. लतिका चपाती उलटायची. जे हवं होतं ते पदरात पडलं होतं. एकदाही म्हणाली नाही की पोरी, तसं नाही गं. दीड वर्ष नाही म्हणाली.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत रस्त्यावर बर्फ होतं. संपदा एका म्हाताऱ्याच्या पायाचं ड्रेसिंग करायला निघालेली. वळणावर गाडी झाडाला धडकली. एकोणचाळीस वर्षांची होती.

शेवटच्या निरोपाला हॉलमध्ये माणसं मावेनात, बाहेर थंडीत उभी राहिली. बेकरीवाली हुंदके देत होती. तेव्हासुद्धा लतिकाच्या मनात आलंच, माझ्यामागं कोण येईल एवढं? वल्लरी कोरड्या डोळ्यांनी उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, "तिला मी नको होते. मी कशाला रडू?"

गप्प बसता आलं असतं. श्रीनाथला ठाऊक नव्हतं, डॉक्टर विचारणार नव्हते. पोरगी कायमची लतिकाची राहिली असती.

"नको मी म्हटलं होतं," लतिका म्हणाली. "तुझा कागद मी अडवला. तिनं आपल्या अंगावर घेतलं."

वल्लरीनं विचारलं, "मी तिला किती वाईट बोलायचे ते तिला माहीत होतं?"

"होतं."

वल्लरीनं जाकीट घातलं.

"कुठं निघालीस?"

"काकांकडं."

आठवडाभर ती तिकडंच राहिली, काकीचे कपडे, पुस्तकं आवरत. लतिका रोज दोघांचा डबा घेऊन जायची. श्रीनाथ दारात घ्यायचा. आतून वल्लरीचं रडणं ऐकू यायचं. लतिकाला आत ये म्हणून कुणी म्हटलं नाही. परत येताना पोटात तीच आग पेटायची, की मेली तरी पोरगी हिचीच. आणि सकाळी उठून पुन्हा भाजी चिरायला घ्यायची, वल्लरीला आवडते तशी, बारीक.