अब्बांचा जबडा

माझे अब्बा दरबारच्या पागेत नालबंद होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे मी आजही छाती काढून सांगतो. पण त्याहून मोठ्या अभिमानाची गोष्ट मी बी.ए. व्हायच्या आधीची आहे.

एका सकाळी नव्यानं आणलेल्या घोड्यानं अब्बांच्या तोंडावर लाथ झाडली. निरोप मिळताच मी कॉलेजातून पळत आलो. तोवर चाचांनी आंबेहळदीचा लेप चढवून हनुवटीपासून डोक्यापर्यंत पटका आवळला होता. चाचाही नालबंदच.

"सूज उतरू दे, मग दवाखाना," चाचा म्हणाले. "सुजल्या पायाला आम्ही हात लावत न्हाय."

"चाचा, हा घोड्याचा पाय न्हाय."

"व्हय की, बी.ए. सायेब! घोडं तुमच्यापरास शाणं. गप हुबं तरी ऱ्हातंय."

मी पटका सोडला आणि अब्बांचा ओठ वर केला. खालचे दात एका बाजूला सरकले होते.

"सूज उतरंल, चाचा. पण हे दात आपलं आपण जाग्यावर येणार हैत का?"

चाचा वाकून बघत राहिले. मग स्वतःच टांगा आणायला गेले.

"बरं झालं लगेच आणलंत," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "उद्या सूज भरली की काम अवघड. ती पुरती उतरेपर्यंत थांबलात, तर हाड वाकडंच सांधलं जातं. आजच करू."

अब्बांना बोलता येत नव्हतं. त्यांनी दोन बोटं ओठांत धरून दाखवली. डॉक्टरांना कळेना, मला कळलं. नाल ठोकताना अब्बा खिळे दातांत धरत. तोंड गेलं तर धंदा गेला.

"खिळे धरता येतील का, विचारतायत."

"आज बांधलं तर येतील."

अब्बांनी अंगरख्याचे बंद स्वतःच सोडायला घेतले.

क्लोरोफॉर्म देऊन डॉक्टरांनी हाड जुळवलं आणि वरचे-खालचे दात चांदीच्या तारेनं बांधून टाकले. कित्येक दिवस अब्बा दूध आणि पेजेवर होते. "दरबारच्या घोड्यालाबी चांदीचा लगाम न्हाय!" चाचा म्हणायचे, आणि अब्बा बांधल्या तोंडानं हसायचे. तार निघाली तेव्हा दात दातावर चपखल बसले. पुढच्याच आठवड्यात अब्बा पागेत कामावर हजर.

पुढं मी बी.ए. झालो. पण पोरानं शिकून काय दिवे लावले, असं कुणी पुसलं की चाचा पदवीचं नावही काढत नसत. अब्बांची हनुवटी धरून, बाजारात दात बघायला घोड्याचं तोंड उघडतात तसं त्यांचं तोंड उघडायचे आणि म्हणायचे, "हे बघा की, पावणं!"