नजर लागलेलं पोलाद

निपाणीच्या आमच्या गल्लीतले लोहारआप्पा स्वतःची चूक कधी कबूल करत नसत. विळा तडकला की भट्टीपाशी बसलेल्या माणसाची नजर लागलेली असे. मी रोजच बसायचो, त्यामुळे ती बहुधा माझीच निघायची.

लढाईच्या दिवसांत भंगारात लॉरीच्या स्प्रिंगांचे पाटे येऊ लागले. आप्पांनी त्यांचे तंबाखू कापायचे विळे घडवले, लाल केले आणि सवयीनं पाण्यात बुडवले. टिक्! एकामागून एक तडकत गेले.

"ऊठ रं हितनं! लई वंगाळ डोळं तुझं."

मी म्हटलं, "आप्पा, मोटारीचा मिस्त्री सांगत होता, ह्या पोलादात मँगनीज, क्रोमियम असलं काय काय मिसळत्यात. साध्या पोलादाला कडक व्हायला पाण्याचा झटका लागतोय, पण ह्याला त्यो सोसत न्हाय. तेलात सावकाश निवलं तरी ते कडक होतंय."

दुसऱ्या दिवशी भट्टीशेजारी करडईच्या तेलाचा डबा दिसला. विळा त्यात गेला, गल्लीभर भज्यांसारखा वास सुटला आणि विळा शाबूत बाहेर आला.

"बघितलंस? तेलानं दृष्ट उतरली!"

मग हुरूप येऊन त्यांनी रुळाच्या साध्या पोलादाचा विळाही तेलातच बुडवला. कानस लावून बघितली, तर ती सहज रुतली; विळा मऊच. मी हसू दाबत दुसरीकडे पाहिलं.

आप्पांनी विळा पुन्हा लाल केला, पाण्याची डोण मुकाट्यानं पुढं ओढली आणि माझ्यावर खेकसले, "तिकडं काय बघतोस रं? हिकडं बघ की नीट! तुझी नजर लागल्याबिगर ह्यो कडक व्हायचा न्हाय."