ग्लॅडिओलसच्या हिरव्या छड्या

सुनेने सौसरला फुलांचं दुकान टाकलं, तेव्हा मी आधी यादी केली. आमच्याकडे फूल म्हणजे देठाशी खुडलेलं, तोलून घ्यायचं आणि ओवायचं. लांब दांडीची फुलं मला नवीन, म्हणून प्रत्येकापुढे ओळख लिहिली. कार्नेशन: दांडीला उसासारखी पेरं, पाकळीची कड कातरलेली. जरबेरा: दांडीवर पान नाही, बारीक लव, मान लवकर टाकतो. शेवंती: पान चुरगाळलं की उग्र वास. ग्लॅडिओलस: पातं तलवारीसारखं, कळ्या एका अंगाला, खालून वर उमलतात. हे शेवटचं नुसतं ऐकून लिहिलं होतं.

पहिली मोठी ऑर्डर लोधीखेड्याच्या लग्नाची. ती फसली असती, तर आसपासच्या गावांत सुनेला पुन्हा कोणी बोलावलं नसतं. आदल्या संध्याकाळी आम्ही मांडवात ग्लॅडिओलसच्या छड्यांच्या बादल्या उतरवल्या, तसे नवरीचे वडील थबकले.

"हे काय जी वहिनी? ज्वारीचे धांडे? आमच्या गोठ्यात लय पडले आहेत."

"फुलं आहेत भाऊ. अजून कळीत आहेत."

"लग्न उद्या आहे, पुढच्या महिन्यात नाही." मागे बायका हसल्या. "सकाळपर्यंत फुललं नाही तर झेंडू लावतो, अन् हे म्हशीले टाकतो."

"सकाळी पाहा, काका," सून म्हणाली. तिने दांड्या तिरप्या कापून कोमट पाण्यात ठेवल्या.

सकाळी मांडवात मीच आधी शिरले. प्रत्येक छडीच्या खालच्या कळ्या उघडल्या होत्या. फिक्या गुलाबी, इतक्या पातळ की उजेड आरपार जात होता. त्यांच्या वरच्या कळीला रंगाची नुसती रेघ, त्याहून वरच्या हिरव्यागार. खाली कंद नाही, माती नाही, तरी एकीनेही क्रम सोडला नव्हता. माझ्या हातातली कामाची यादी तशीच राहिली.

नवरीचे वडील येऊन शेजारी उभे राहिले. "तोडल्यावरही उमलून राहिलं हे?"

"हो काका. रोज थोडं वर," सून म्हणाली.

"अन् शेंड्याची कळी?"

"तिला अजून काही दिवस लागतील."

"म्हणजे पोरगी सासरी गेल्यावर."

संध्याकाळी बिदाई झाली. आम्ही सामान आवरायला गेलो, तर नवरीच्या वडिलांनी दोन बादल्या ओसरीवर नेऊन ठेवल्या होत्या.

"ह्या राहू दे, बेटा. धाकटीच्या लग्नालेही तूच ये. पण आधी सांग, पाणी कवा बदलाचं?"