व्याह्यांच्या गाडीचा दगड

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला राधेश्याम शेठचं लॉन आहे. लग्नसराईत तिथे एका दिवसात जेवढी माणसं जेवून जातात, तेवढी एखाद्या गावच्या जत्रेलाही जमत नाहीत. या सगळ्यांच्या गाड्या लावून घेणं आणि परत सुखरूप बाहेर काढणं हे बेबीनंदाचं काम. गळ्यात शिट्टी, साडीवर चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर आणि फाटकाशी दगडांचा ढीग. शिट्टी आणि जाकीट शेठनं दिलेलं. दगड तिचे स्वतःचे.

ती या लॉनवर आली ती भांडी घासायला. एका लग्नात गाड्या लावणारा माणूस ऐनवेळी आलाच नाही, तेव्हा शेठनं समोर दिसली तिच्या हातात शिट्टी दिली आणि म्हणाला, आजच्यापुरतं बघ. ते आजच्यापुरतं अजून संपलेलं नाही. सुरुवातीला तिला फार त्रास झाला. बाईच्या शिट्टीवर गाडी वळवायची म्हणजे आपल्याकडच्या गड्याला मिशी उतरवल्यासारखं वाटतं. त्यात लग्नातला पाहुणा. मुहूर्त कधी वेळेवर लागत नाही, पण पाहुण्याला मात्र नेहमी अक्षता चुकतील अशी धास्ती. गाडी वाटेत आडवी टाकायची, किल्ली खिशात घालायची, 'मावशे, आलोच' म्हणायचं आणि पंगत, पान, फोटो, रुसवेफुगवे सगळं उरकून सावकाश यायचं. बेबीनंदा आधी भांडायची. मग तिच्या लक्षात आलं की भांडून घसा बसतो, गाडी हलत नाही.

दगडाची गोष्ट अशी. गाड्या लावायचं मैदान रस्त्याकडे उतरतं आहे. एकदा हँडब्रेक नावापुरताच असलेला एक पिकअप आपणहून चालू लागला आणि लिंबाच्या झाडाला जाऊन टेकला. झाडामुळे निभावलं. दुसऱ्या दिवशी तिनं मागच्या नाल्यातून पाटीभर दगड आणले आणि गाडी लागली की मागच्या चाकाला एक एक लावत सुटली. गाडी घरंगळू नये, एवढाच हिशेब होता.

पण दगडानं दुसरंच काम केलं. चाकाचा दगड काढायचा तर ड्रायव्हरला खाली उतरावं लागतं, मागे जावं लागतं आणि वाकावं लागतं. वाकलं की गाडीच्या खाली आणि पाठीमागे काय आहे ते दिसतं. आणि तिथे काय नसतं? एप्रिलच्या उन्हात त्या मैदानावर सावली म्हणजे गाड्यांचीच. वऱ्हाडातल्या बाया टेम्पोच्या आडोशाला पटकूर टाकून लेकरं निजवतात, म्हाताऱ्या चाकाला पाठ लावून पान लावत बसतात. एका दुपारी एक पिकअपवाला दगड काढायला वाकला आणि उठला तेव्हा त्याच्या हातात झोपलेलं तान्हं लेकरू होतं. तो ते घेऊन त्याची माय शोधत मांडवभर फिरला. त्या दिवसापासून बेबीनंदाचा नेम झाला: या आवारात दगडावाचून गाडी उभी राहायची नाही.

मग त्यात लहानथोर राहिलं नाही. एका ठेकेदारानं ड्रायव्हरला सांगितलं, लाथेनं उडव तो दगड. ड्रायव्हरच्या पायात चप्पल होती आणि दगड नाल्यातला होता. ड्रायव्हरनं एकदा लाथ मारली, मग गुपचूप वाकला. गाडीचं तोंड रस्त्याकडे करून लावायची, म्हणजे निघताना मागे घ्यावी लागत नाही, हा तिचा दुसरा नेम. आणि फाटकापासून भटारखान्यापर्यंत एक वाट कायम रिकामी. कुणाला चक्कर आली, कुठे गॅस पेटला, तर गाडी आत यायला नको का? त्या वाटेवर ती पाहुण्यांच्या चपलासुद्धा राहू देत नसे.

अशी ही बाई. आणि यंदा तिच्याच पोरीचं, राजनंदिनीचं, लग्न त्याच लॉनवर लागलं.

शेठनं जागा आपणहून दिली. त्या दिवशी तू मांडवात, शिट्टी इजहारकडे, असं बजावलं. इजहार मांडव घालणाऱ्यांपैकी. बेबीनंदाला मौसी म्हणणारा, तिच्या हाताखाली तयार झालेला, घरी दोन मुलांचा बाप असलेला गडी. स्थळ अंबडकडचं होतं, बेबीनंदाच्या ऐपतीपेक्षा दोन पायऱ्या वरचं. तिचा नवरा रोलिंग मिलमध्ये भट्टीवर. व्याही सोमेश्वरराव बागायतदार, दारात पांढरी मोठी गाडी, अंगात पांढरे कडक कपडे. पोरीनं पोराला पसंत केलं, पोरानं पोरीला, आणि घरच्यांनी कुरकुर न करता होकार दिला, हेच बेबीनंदाला अजून खरं वाटत नव्हतं. तिच्या जिवाला एकच घोर होता. आपल्याकडून मानपानात काही कमी पडलं म्हणून पोरीला त्या घरात उभ्या जन्मात एक शब्द ऐकावा लागू नये. या घोरानं तिला आठवडाभर धड झोप नव्हती.

वरात आली. वाजंत्री, धूळ, नाचणारी पोरं, आणि त्यांच्या मागून व्याह्यांची गाडी. ती मैदानात गेलीच नाही. नवरदेव फाटकात उतरला आणि गाडी तशीच मांडवाच्या अंगाला, मानाच्या जागी, तोंड मांडवाकडे करून उभी राहिली. इजहार दगड घेऊन आला. मांडवाच्या दाराशी ओवाळणीचं ताट धरून उभ्या असलेल्या बेबीनंदाकडे त्यानं पाहिलं.

"मौसी, ह्या गाडीला?"

"ऱ्हाऊ दे," बेबीनंदा म्हणाली. "व्याह्याला वाकवतो का आज?"

इजहार दगड घेऊन परत गेला. बाकी सगळ्या गाड्यांना त्यानं दगड लावले. वऱ्हाडाच्या टेम्पोला लावले, शेठच्या गाडीलाही लावला. ती एक गाडी तेवढी राहिली. आपल्याकडे मुलीच्या आईची अक्कल लग्नाच्या दिवशी मानपानाकडे गहाण पडलेली असते, आणि बेबीनंदा काही जगावेगळी नव्हती.

अक्षता पडल्या. पंगती उठल्या. डीजेवाल्यानं जेवून आल्यावर आवाज आणखी चढवला. सोमेश्वररावांची आई केशरबाई, नवरदेवाची आजी, त्या आवाजानं आणि उकाड्यानं मेटाकुटीला आली होती. तिनं आपल्या घरची गाडी पाहिली, तिच्या मागच्या अंगाला पडलेली सावली पाहिली, आणि पदर अंथरून तिथे बसली. परक्याच्या गाडीपाशी बसली नाही, आपल्या लेकाच्या गाडीपाशी बसली. बसल्या बसल्या पाय लांब केले आणि डोळा लागला.

ऊन कलायला लागलं तशी पाठवणीची घाई सुरू झाली. रुखवताचं सामान भरायचं होतं. ड्रायव्हर शेवटच्या पंगतीला बसलेला. सोमेश्वरराव म्हणाले, जेवणावरून माणूस उठवू नये, मी घेतो गाडी. बोलणं माणुसकीचं होतं. ते बसले आणि गाडी मागे घेतली.

बेबीनंदा रुखवतापाशी कपाट उचलायला लावत होती. गाडीच्या पाठचे पांढरे दिवे लागलेले तिला दिसले, आणि दिव्यांच्या खाली लुगड्याचा हिरवा काठ दिसला. तिचा हात शिट्टीकडे गेला. गळ्यात शिट्टी नव्हती, लग्नासाठी नव्यानं ओवून घेतलेलं मंगळसूत्र होतं. ती ओरडली. डीजेत ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. मग ती पळाली आणि गाडीच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी मारत राहिली, गाडी थांबेपर्यंत. गाडी थांबली तेव्हा चाक केशरबाईच्या पावलावर चढून उतरलेलं होतं.

रिकामी ठेवलेली वाट त्या दिवशी कामी आली. इजहारनं कुणाला काही न विचारता म्हातारीला दुसऱ्या गाडीत घातलं, आणि ती गाडी कुठेही न अडता नवीन जालन्यातल्या दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी एक्स-रे काढले. पंजाची हाडं मोडली होती, पण पाय वाचेल म्हणाले.

दवाखान्याच्या ओसरीत निम्मं वऱ्हाड येऊन बसलं. नवरी शालूतच होती, कपाळावरच्या मुंडावळ्या तशाच. पाठवणी व्हायची राहिलेली. कुणी तिला बस म्हटलं नाही म्हणून ती भिंतीला टेकून उभी. राधेश्याम शेठ जो भेटेल त्याला सांगत होते की ब्रेकमध्ये काहीतरी बिघाड असणार. लॉनचं नाव त्यांनाही सांभाळायचं होतं. सोमेश्वरराव मान खाली घालून बसले होते. पांढऱ्या कपड्यांवर आईच्या पायाचं रक्त लागलेलं, त्यांनी पुसलंही नव्हतं.

नवरदेवाची आत्या वंदना म्हणून होती. ती कुणाकडे न बघता बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"घरात हिचं पाऊल पडलं न्हाई अजून, तं मह्या मायचं पाऊल गेलं."

एका बाईनं हं म्हटलं. दुसरीनं उसासा टाकला. पायगुणाची गोष्ट अशीच तयार होते, कुणी ती सिद्ध करत बसत नाही. उद्या विहीर आटली, म्हैस गाभडली, तरी ती राजनंदिनीच्याच पावलावर जाणार होती. बेबीनंदाला हे कळायला वेळ लागला नाही. आठवडाभर ज्याला भीत होती ते समोर उभं राहिलं होतं, आणि ते तिनंच बोलावलं होतं. शेठ सांगत होते तसं ब्रेकवर ढकललं असतं तर नोकरीला धक्का नव्हता. पण ब्रेकनं पायगुण धुऊन निघत नाही. बायका म्हणणार, ब्रेक आजच कामून बिघडला?

ती उठली. केशरबाईची खाट दारातूनच दिसत होती आणि म्हातारी जागी होती. बेबीनंदा दारात उभी राहिली, आतल्यांना आणि बाहेरच्यांना दोघांनाही ऐकू जाईल अशी.

"पोरीचं नाव घेऊ नका," ती म्हणाली. "तिथं एकबी गाडी दगड लावल्याबिगर उभी ऱ्हात न्हाई. शेठची ऱ्हात न्हाई, पुढाऱ्याची ऱ्हात न्हाई. इजहार तुमच्या गाडीला दगड घेऊन आल्ता. म्याच माघारी लावला. व्याह्यांना वाकावं लागंल म्हणून. वाकले असते तं माय दिसली असती."

शेठनं तोंड फिरवलं. शेवटचं वाक्य फक्त तिच्या स्वतःबद्दल नव्हतं, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं, आणि सोमेश्वररावांच्या सगळ्यांत आधी आलं. त्यांनी मान आणखी खाली घातली. व्याह्याला चारचौघांत असं बोलणारी मुलीची आई तिनं आजवर ऐकली नव्हती.

केशरबाईनं आतून विचारलं, कसला दगड? बेबीनंदानं तिला सगळं सांगितलं. चाक, उतार, सावली, पिकअपवाल्याच्या हातातलं लेकरू. म्हातारीनं डोळे मिटून ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "नातसुनेला घेऊन निघा आता. उशीर होऊन राह्यला."

पाठवणी दवाखान्याच्या दारातून झाली.

शेठनं बेबीनंदाला काढलं नाही, पण पुढचे कित्येक दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. ती रोज येत होती, दगड लावत होती. फाटकाशी कुणी अंबडकडची गाडी आली की ती आधी आत कोण बसलंय ते बघायची. फोनवर पोर म्हणायची, सगळं बरं आहे. पण लग्न झालेल्या पोरी फोनवर तेवढंच म्हणतात.

राजनंदिनी पंचमीला माहेरी आली. अंगानं भरली होती. बेबीनंदानं तिला नीट न्याहाळून घेतलं, खाऊ घातलं, आणि मग ज्याची भीती होती ते विचारलं. आजेसासू कशी आहे, आणि घरात त्या दिवसाचं कुणी काही काढतं का.

पोरीनं सांगितलं ते असं. केशरबाई आता काठी घेऊन चालते, दिवसभर ओसरीतल्या बाजेवर असते. दवाखान्यातून घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी म्हातारीनं नातसुनेला अंगणातला एक दगड दाखवला. म्हणाली, तुह्या मायनं लावला न्हाई, तो तू लावायचा. तेव्हापासून सांजच्याला सासऱ्याची गाडी अंगणात लागली की राजनंदिनी मागच्या चाकाला दगड लावते. सकाळी सोमेश्वरराव तयार होऊन निघतात, गाडीच्या मागे जातात, वाकतात, खाली बघतात आणि मग दगड काढतात. म्हातारी बाजेवरून हे सगळं बघते. ते वाकल्याशिवाय ती चहाचा कप तोंडाला लावत नाही.

बेबीनंदाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. सुनेनं लावलेल्या दगडापुढे रोज सासरा वाकतो, हे ऐकून तिला हसू यावं की रडू, ते समजेना.

"अन् मामंजी?" तिनं विचारलं. "रागराग करत असतेन तुह्यावर."

"आधी करायचे," राजनंदिनी म्हणाली. "आता काढलेला दगड भिंतीला लावून ठिवतेत. सांजच्याला मला शोधावं लागू नये म्हणून."