रपट्यावरचा लाल झेंडा

भिजलेल्या कपाशीचा हिरवट, तुरट वास आणि पेट्रोलचा धूर एकत्र आले, की ऐंशीच्या दशकातली श्रावणातली ती काळवंडलेली सकाळ माझ्याभोवती पुन्हा दाटून येते. सौंसर ते पांढुर्णा अशी मोटारसायकलींची शर्यत आम्ही काही हौशी मंडळींनी भरवली होती. मी शाळामास्तर, तेव्हा नियम लिहिण्याचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. पावसाचे नियम तर मी विशेष मन लावून लिहिले : दिवा सतत पेटलेला हवा, वळणावर कुणी कुणाला ओलांडायचं नाही, आणि वाटेतल्या नाल्यावरच्या रपट्याशी, म्हणजे त्या बुटक्या, कठडे नसलेल्या पुलाशी, दगडावरची पांढरी रेघ पाण्याखाली गेली की लाल झेंडा. मग येणारा कुणीही असो, शर्यत तिथेच संपली.

रपट्याशी झेंडा घेऊन मीच उभा होतो. आभाळ इतकं खाली उतरलं होतं, की पलीकडची संत्र्याची बाग नुसती धूसर सावली वाटत होती. गढूळ पाणी चढत चढत आलं आणि माझ्या डोळ्यांदेखत रेघ बुडाली. तेवढ्यात पावसाच्या पडद्यातून पहिला दिवा उगवला. तो वसंता होता, माझा बालमित्र, तहसील कचेरीतला कारकून. दोन वर्षं तो या एका सकाळीसाठी झुरला होता. माझा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. पाणी उडवत वसंता पार झाला.

त्याच्यामागून लोधीखेड्याचा नामदेव आला. आता मात्र मी झेंडा पुरता उंच केला. त्यानं वेग कमी केला, समोरच्या चढावर दिसेनाशा होणाऱ्या वसंताकडे बोट दाखवलं आणि ओरडला, “त्याले जाऊ देलं, मंग मले काहून थांबवून राहिले, गुरुजी?”

तो पाण्यात शिरला. मधोमध गाडी आडवी झाली आणि त्या मातकट लोंढ्यात गाडीही दिसेना, माणूसही. दोन शेतं खाली, एका बाभळीला अडकलेला तो सापडला. जीव वाचला, उजवा गुडघा मात्र पुन्हा कधी वाकला नाही.

चौकशीत नामदेवानं स्वतःच सांगितलं, की झेंडा दाखवला होता. ते खरंच होतं. मी त्या जबाबाखाली सही केली. वसंतानं पहिला नंबर नाकारला. एवढंच म्हणाला, “मले थांबवलं असतं, तर तोही थांबला असता ना बे.” पुढे आमचं बोलणं आटत गेलं.

काही वर्षांनी सौंसरच्या बसस्टँडवर नामदेव भेटला. चहा पिता पिता त्यानं विचारलं, “गुरुजी, तवा तुमाले वळखू आला होता का, का तो वसंता हाये म्हणून?”

“आला होता.”

“मले तसंच वाटे,” तो म्हणाला आणि उरलेला चहा शांतपणे प्याला.

कुणीतरी हे विचारावं म्हणून मी इतकी वर्षं थांबलो होतो, हे मला त्या क्षणी कळलं. सांगून टाकल्यावर हलकं वाटेल, असंही मनाशी धरून होतो. तसं काही झालं नाही. नागपूरची बस लागली. दोन्ही हातांनी दांडा धरून, न वाकणारा पाय मागून ओढून घेत तो चढला, खिडकीशी बसला आणि माझ्याकडे पाहून त्यानं मान हलवली. ती क्षमा होती की नुसता निरोप, हे विचारायचा धीर मला झाला नाही.