मोटर बंद करणारी लाल दोरी

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "या सुट्टीत आम्हाला नाव चालवू द्याल का?" आजोबांनी माझ्याकडे न बघताच हो म्हणून टाकलं. माझंही हो आहे, पण त्याआधी तुम्हाला एका दोरीची गोष्ट माहीत असायला हवी. फोनवर ती मला नीट सांगता येणार नाही. तुमचे आजोबा मध्ये बोलतात आणि प्रत्येक वेळी स्वतःला जरा जास्त शूर करून घेतात. म्हणून लिहून पाठवते आहे.

शेती बटईने, म्हणजे वाट्याने कसायला, दिल्यावर आजोबांना सकाळी उठून जायला जागा उरली नाही. दोन महिने ते पोर्चमध्ये बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजत होते. मग एक दिवस ट्रकमधून ही नाव उतरली. पांढरी, फायबरची, चार माणसांची, मागे छोटं इंजिन. कोकणातल्या कुणाकडून जुनी घेतलेली. दिग्रसजवळच्या धरणावर ती फिरवायला लागणारी परवानगी मी रीतसर अर्ज करून काढली. आजोबांनी तिचे लाड केले. पोळ्याला बैल नव्हते, तर नावेला धुऊन, बेगड चिकटवून, तिच्यापुढे पुरणपोळी ठेवली. शेजारणी अजून हसतात.

इंजिनाबरोबर इंग्रजीतलं एक पुस्तक आलं होतं. घरात ते मीच वाचलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. त्यात एका लाल दोरीबद्दल तीन ठिकाणी बजावलं होतं. जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची ती दोरी. एका टोकाला चिमटा, तो इंजिनाच्या बटणाखाली बसवल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की दोरी ताणते, चिमटा निघतो, इंजिन बंद. दोरी बांधलेली नसेल, तर रिकामी नाव गोल फिरत पडलेल्या माणसाच्याच अंगावर येते, आणि तिच्या मागे पाण्यात इंजिनाची पाती फिरत असतात.

हे मी आजोबांना मराठीत समजावलं. ते भडकले.

"मले काय बैल समजून राह्यली का तू? कायले बांधून राह्यली?"

"अहो, पुस्तकात लिहिलंय."

"मोटर बंद नाही पडली पाह्यजे म्हनून मी जनमभर मेलो, अन् तू तिले बंद कराची दोरी बांधून राह्यली!"

त्यांचंही चूक नव्हतं. विहिरीवरच्या मोटरीला त्यांनी ऑटो बसवला होता, म्हणजे वीज आली की मोटर आपली आपण सुरू. जेवताना घास हातात धरून ते शेताकडे कान देत. आवाज आहे ना? मग घास तोंडात. मोटर गप्प झाली की घरातल्या सगळ्यांनी गप्प व्हायचं. अशा माणसाला, बंद पडणं हेच जिचं काम ती वस्तू कशी आवडावी?

इंजिन दुरुस्त करायला दिग्रसचे एक मेकॅनिक येतात. मोटारसायकल, पंप, काहीही उघडतात. आम्हाला चाचा-चाची म्हणतात. त्या दिवशी ते काठावर हात पुसत आमचं भांडण ऐकत होते.

"चाचा," ते म्हणाले, "वावरात मोटर बंद झाली तर पिकाले पानी नाही भेटत. इथं मोटर बंद नाही झाली तर तुमालेच पानी भेटन. लय पानी."

आजोबांनी दोरी बांधली. पण बोलताना दोन्ही हात उडवायची त्यांची सवय. त्या रविवारी इंजिन सहा वेळा बंद पडलं. सातव्या वेळी माझी पाठ वळलेली पाहून त्यांनी दोरी मनगटातून काढून नावेच्या कडीला अडकवली. मी पकडलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग मी शांतपणे सांगितलं, "तिसऱ्यांदा दोरी कडीला दिसली, तर नाव विकायची." मी असं शांतपणे बोलले की ते खरं असतं, हे त्यांना लग्नापासून माहीत आहे.

त्यानंतरचा हिवाळ्यातला एक दिवस, ऊन छान तापलेलं. आम्ही दोघंच, दोघांच्याही अंगात नारिंगी जाकिटं. काठाजवळ रानबदकांचा मोठा थवा बसला होता आणि मी दुर्बीण लावून बघत होते. मागून आवाज आला, "थे पाहय, थे पाहय, उडाले!" बदकं दाखवायला ते चालत्या नावेत उभे राहिले. नाव झोकांडली आणि धप्पकन आवाज झाला.

मी वळले. जागा रिकामी. नाव वळवायचा इंजिनाचा दांडा सुटून एका बाजूला गेला होता आणि नाव पाण्यातल्या त्यांच्या पांढऱ्या डोक्याच्या दिशेने वळत होती. दोरी मनगटाला होती की कडीला? मला माहीत नव्हतं. कडीकडे बघायचं धैर्यही झालं नाही.

आणि मग लक्षात आलं, काहीच ऐकू येत नव्हतं. इंजिन केव्हाच बंद पडलं होतं.

नाव वळत वळत हळू झाली आणि तिचं नाक आजोबांच्या खांद्याला वासरासारखं टेकलं. त्यांनी तोंडातलं पाणी थुंकलं आणि हात वर केला. मनगटाला लाल दोरी, टोकाला चिमटा लोंबतोय.

"पाह्यलं? बांधून होती!"

"कडीला लावणार नव्हतात ना?"

"लावाले हात नेला होता," ते म्हणाले. "मंग म्हटलं, जाऊ दे. हे बाई खरंच विकन."

मला इतकं हसू आलं की वल्हं पुढे करायला वेळ लागला. ते पाण्यात, मी नावेत, दोघंही हसतोय. वर आल्यावर मी त्यांना माझी शाल गुंडाळली. त्यांनी दोरी काढली आणि माझ्यापुढे धरली. "घे. आता तूच चालव."

पुस्तक मी चार वेळा वाचलं होतं, इंजिनाला हात मात्र कधी लावला नव्हता. चिमटा बसवला, दोरी मनगटाला बांधली आणि सापासारखी वळणं घेत नाव काठाला आणली.

इंजिन बघायला आलेले मेकॅनिक काठावर उभेच होते. "चाची, चाचाले धुऊन आनलं का?"

आता आम्ही आळीपाळीने चालवतो. निघण्याआधी काठाजवळ इंजिन सुरू करून आजोबा स्वतः दोरी ओढतात, कान देतात, आणि ते गप्प झालं की समाधानाने मान हलवतात. तुम्ही आलात की तुम्हालाही आधी हेच करावं लागेल.

बेगड केव्हाच निघून गेलं. दोरीचा लाल रंग उडून गुलाबी झाला आहे आणि वेटोळी सैल पडली आहेत. पण ओढली की इंजिन अजून बंद होतं.