टेम्पोत बसायचं नाही

माझं बूड एका जागी टिकत नाही. लहानपणी जेवताना पाय हलायचे तेव्हा आई म्हणायची, पाय हलवू नकोस, घरातली लक्ष्मी निघून जाईल. लक्ष्मी तशीही आमच्याकडे फार रेंगाळली नव्हती, त्यामुळे खापर माझ्या पायांवर फोडण्यात अर्थ नव्हता. पुढे नोकरी लागली ती ठाण्याला कोर्टात, स्टेनोची. म्हणजे दिवसभर बसायचं, दुसऱ्यांनी बोलायचं आणि आपण उतरवून घ्यायचं. टेबलाखाली माझा पाय चालूच. एकदा एका न्यायाधीश बाईंनी सुनावणी मध्येच थांबवून मला विचारलं, तुम्हाला बाहेर जायचंय का? मला कायमच बाहेर जायचं असतं, पण हे कोर्टात सांगता येत नाही.

सायकल आली ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि चालणं काही मला जमेना. चालताना माणूस फारच हळू पुढे सरकतो. डोंबिवलीतल्याच एकाने आपली गिअरची सायकल विकायला काढली होती, ती घेतली आणि पहिल्याच रविवारी शिळफाट्यापर्यंत जाऊन आलो. धूळ, मेट्रोचे खांब, मागून हॉर्न मारणारे डंपर, सगळं होतं. तरी त्या तेवढ्या वेळात माझे पाय जिथे होते तिथेच माझं डोकंही होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं, मला काहीतरी सापडलंय. तिने विचारलं, आधी अंघोळ की आधी चहा.

बायको माझ्या अगदी उलट. ती घरी सहावी-सातवीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. एकदा बसली की बसली. मुलं उठतात, पाणी पितात, पेन्सिलीला टोक काढायच्या निमित्ताने गॅलरीत जाऊन येतात, ही जागची हलत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी मनाशी ठरवून टाकलं की या घरातली सगळी शांतता तिच्याकडे आहे आणि सगळी तगमग माझ्याकडे. वाटणी मला ठीक वाटली होती.

गेल्या वर्षी मी रस्त्यावर पडलो. आंबिवलीच्या पुढे, एकटाच होतो, सकाळी पोटात काही न टाकता निघालो होतो. भोवळ आली आणि सायकलसकट आडवा झालो. कुणा भल्या माणसाने माझ्याच फोनवरून घरी कळवलं. हाड मोडलं नाही, फक्त कोपर सोलपटलं. बायको रिक्षा करून आली, मला घेऊन गेली, कोपरावर हळद लावू की मलम एवढंच विचारलं. पुढे कित्येक दिवस त्या विषयावर ती चकार शब्द बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

मग आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपने माळशेजची राइड जाहीर केली. डोंबिवलीहून निघायचं, कल्याण, मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाट चढायचा आणि वर पिठलं-भाकरी खायची. परत येताना सायकली ट्रकमध्ये, माणसं बसमध्ये. मी घरी विषय काढला तेव्हा ती भेंडी चिरत होती. मान वर न करता तिने अट सांगितली. "जा. पण मी टेम्पोत बसून मागून येणार. आणि तुम्ही टेम्पोत बसलात, तर पुढच्याच रविवारी सायकल विकायची. परत नाव काढायचं नाही." मी हो म्हटलं. नाही म्हणायला जागाच नव्हती.

टेम्पोबद्दल सांगायला हवं. तो एरवी कल्याणच्या मार्केटातून भाजी वाहतो. राइडच्या दिवशी त्यात आमची केळी, उकडलेले बटाटे, चिक्की आणि पाण्याचे कॅन असतात, आणि तो सगळ्यात शेवटच्या सायकलवाल्याच्या मागून रांगत येतो. ज्याचं अवसान संपलं त्याने त्यात बसायचं. पण बसला की तो भाजी झाला. मग ग्रुप त्याला एक भाजी बहाल करतो आणि वर्षभर त्याच नावाने हाक मारतो. कल्याणचा एक दातांचा डॉक्टर आदल्या वर्षी सरळगावपाशी चढला, तो दुधी. भला माणूस, पण आता त्याच्या दवाखान्यात फोन लावला तरी आमच्यातला कुणीतरी दुधी आहे का म्हणून विचारतो. मला भाजी व्हायचं नव्हतंच, पण ती थट्टा मी वर्षभर काय, दहा वर्षं सोसली असती. सायकल जाणं मला सोसलं नसतं. ती गेली तर रविवारचं मी काय करणार होतो? सोफ्यावर बसून पाय हलवणार.

तयारी सुरू केली. आता डोंबिवलीत घाट कुठून आणायचा? आमच्याकडे चढ म्हणून जे काही आहे ते रेल्वेवरचे पूल. म्हणून आम्ही इथले सायकलवाले घाटाची तयारी पुलावर करतो. मी ठाकुर्लीचा पूल धरला. पहाटे उठून वर, खाली, वळून पुन्हा वर, पुन्हा खाली. फिरायला येणारे एक आजोबा चार-पाच दिवस बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी मला थांबवलं आणि काही पडलंय का, मी शोधू लागतो म्हणाले. मी म्हटलं, घाट शोधतोय. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते पलीकडच्या कडेने जायला लागले.

पुलावर मी तरबेज झालो. दात-ओठ खाऊन जोर लावायचा, छाती फुटायच्या आत माथा येतो, की पाय सैल सोडायचे. ग्रुपचा कप्तान, कल्याण पश्चिमेला औषधांचं दुकान चालवणारा तिशीतला माणूस, एकदा माझं चढणं बघून म्हणाला, "काका, एवढी घाई नका करू. पूल संपतो, घाट संपत नाही." मला वाटलं, पोरगं जळतंय.

निघायच्या दिवशी थंडी होती. सायकलींचे दिवे लागले, नारळ फुटला, आणि बायको टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. स्वेटर, कानाला रुमाल, मांडीवर डब्याची पिशवी. सहलीला निघालेल्या बाईसारखी दिसत होती. मी तिच्याकडे बघून हसलो. ती हसली नाही. केळं खाल्लं का, एवढं विचारलं.

शहाडचा पूल गेला, म्हारळ गेलं, रायत्याला उल्हास नदीवर धुकं होतं. मला सुटायचं होतं. तीसएक सायकली एका ओळीत एका चालीने जात होत्या आणि तीच चाल मला सोसवत नव्हती. पुढच्याचं चाक सारखं समोर दिसलं की मला गुदमरतं. दोनदा ओळ मोडून पुढे गेलो, दोन्ही वेळा कप्तानाने मागे बोलावलं. मागे टेम्पो, टेम्पोत बायको, आणि मध्ये मी, वरातीतल्या घोड्यासारखा. मुरबाडला चहाला थांबलो तेव्हा सगळे पाय पसरून बसले. मी कप हातात घेऊन फेऱ्या मारत होतो. बायको टेम्पोतून उतरली, मला दोन बटाटे मीठ लावून दिले आणि मी ते संपवेपर्यंत समोर उभी राहिली. मग परत जाऊन बसली.

टोकावडे मागे पडलं तसं ऊन तापायला लागलं. समोर डोंगराची भिंत दिसू लागली आणि रस्ता सरळ तिच्याकडेच निघाला होता. घाटाच्या पायथ्याशी कप्तानाने सांगितलं, इथून पुढे ओळ नाही, ज्याने त्याने आपल्या चालीने चढायचं. हेच तर मला हवं होतं. मी सुटलो. पहिल्या वळणापर्यंत सगळे मागे पडले. कानात वारा, पायात जोर, आणि मनात एकच विचार, की बघू दे तिला.

आणि मग पायांनी आपण होऊन जोर सोडला. मी सांगितलं नव्हतं. ठाकुर्लीला एवढ्या वेळात माथा येतो आणि उतार लागतो, इतके महिने मी त्यांना तेवढंच शिकवलं होतं. वर बघितलं तर रस्ता अजून वरच चालला होता. पुन्हा दात-ओठ खाल्ले, पुन्हा जोर लावला, आणि तेवढाच वेळ गेल्यावर पाय पुन्हा सुटले. तिसऱ्यांदा पोटरीत गोळा आला. एकेक जण मला ओलांडून जायला लागला, सावकाश, गप्पा मारत. शेवटी दातांचा डॉक्टरही आला. मला वाटलं आता टोमणा मारणार. त्याने फक्त विचारलं, बरे आहात ना, आणि पुढे गेला. ते जास्त लागलं.

आता माझ्या मागे कुणी नव्हतं. टेम्पो होता. पहिल्या गिअरमध्ये घरघरत येत होता आणि प्रत्येक वेळी मी थांबलो की तोही लांबवर थांबत होता. माझ्या कानात ठोके पडत होते. आंबिवलीचा रस्ता आठवला, आणि डोळ्यांवर अंधारी येण्याआधीचा तो क्षण. मी घाबरलो. इतका घाबरलो की सायकलचं काय होईल याचा विचार मनात आला आणि तरी हात वर गेला. हो, मीच हात केला. सायकल कठड्याला टेकवली, मागे वळून टेम्पोकडे बघितलं आणि या म्हणून खूण केली. डोळ्यांत पाणी आलं होतं, घामात ते कुणाला कळलं नसतं.

टेम्पो जवळ आला. खिडकीतून बायको सरळ माझ्याकडे बघत होती. ड्रायव्हरने वेग कमी केला. ती त्याला काहीतरी म्हणाली. आणि टेम्पो माझ्या शेजारून, मला हात लावता येईल इतक्या जवळून, निघून गेला. वळणाआड दिसेनासा झाला.

मी तसाच उभा. पहिल्यांदा वाटलं त्यांना कळलं नाही, मग वाटलं पुढे जागा बघून थांबतील. काहीच होईना तेव्हा सायकल ढकलत वळणापर्यंत गेलो. टेम्पो नव्हता. बायको कठड्यावर एकटी बसली होती, पाण्याची बाटली आणि डबा घेऊन.

"मी हात केला होता," मी म्हटलं.

"दिसला मला."

"मग थांबवला का नाहीस?"

"थांबवला असता तर बसला असता तुम्ही." तिने बाटलीचं झाकण उघडून दिलं. "सकाळपासून तुम्ही काय काय खाल्लंय ते मी बघितलंय. भोवळ यायची नाही. पाय दुखतायत, ते दुखू देत. टेम्पो वर पाठवला मी."

मी पाणी प्यायलो. मला राग आला होता आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, दोन्ही एकदम. अट तुझीच होती, मी म्हटलं. सायकल जावी असंच तुला वाटत होतं ना?

तिने बाटली माझ्या हातातून परत घेतली. मग म्हणाली, "वाटत होतं. दर रविवारी तुम्ही लोकेशन चालू करून जाता. मी तो निळा ठिपका बघत बसते. ठिपका थांबला की चहाला थांबलात की पडलात, ते मला कळत नाही. मुलांच्या वह्या उघडते आणि तशाच बंद करते. आज म्हटलं, एकदा संपवून टाकू."

हे मला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं तिला जागची न हलणारी बाई समजत होतो.

"मग काय झालं?"

"मुरबाडपर्यंत तुमची चुळबूळ चाललेलीच. पण त्या टोकावड्याच्या पुढे, सरळ रस्त्यावर, बराच वेळ तुम्ही नुसते जात होता. मान स्थिर, खांदे स्थिर. मी ड्रायव्हरला म्हटलं जरा बाजूने घे, मला चेहरा बघायचाय. त्याने घेतला. तुम्हाला कळलंही नाही. आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तो माणूस मी घरात कधी बघितला नाही. मी त्याला विकायला कशी काढू?"

तिने डबा उघडून गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला, कुठल्याही चढाला निघालेल्या माणसाला द्यावा तसा. मग उठली, ड्रेस झटकला आणि चढाच्या दिशेने चालायला लागली.

"हळू या," मागे न बघता म्हणाली. "मला गाठायची घाई करू नका."